खिशातली दुर्बीण कशी पारखावी

नवा कॅमेरा खोक्यातून काढला की आधी गच्चीवर जावं. माहितीपुस्तिका खोक्यातच राहू द्यावी, ती तिथेच सुखी असते. पुण्यात असाल तर गच्चीऐवजी पर्वती चढा आणि सिंहगडावरच्या टीव्ही टॉवरवर झूम करा. टॉवर दिसेल, उन्हात तापलेल्या हवेमुळे जरा लचकत दिसेल. असा फोटो तुम्ही आयुष्यात पुन्हा काढणार नाही. पण झूमचे पैसे वसूल झाल्याचं समाधान याच फोटोत असतं, तेव्हा तो एकदाचा काढून मोकळं व्हावं.

आता थोडं गणित. नमुन्यादाखल कॅननचा पॉवरशॉट एसएक्स७४० एचएस घेऊ. २०१८ साली आलेला हा कॅमेरा वजनाला जेमतेम ३०० ग्रॅम, म्हणजे पाव किलो श्रीखंडाच्या डब्याहून किंचित जड. झूम ४० पट. आता ४० पट म्हणजे डोळ्याला दिसतं त्याच्या ४० पट, असं नवशिक्याला वाटतं आणि दुकानातलं कुणी ते दुरुस्त करत नाही. खरं तर लेन्सच्या सर्वांत लांबच्या टोकाला, म्हणजे ९६० मिलिमीटरला, सर्वांत रुंद टोकाच्या २४ ने भागलं, एवढंच. दुकानात भागाकाराचं उत्तर सांगतात, भाज्य आणि भाजक आपण विचारायचे. ९६० किती लांबचं दाखवतं हे शेजाऱ्यांना सांगण्यासाठी असतं. २४ आपल्यासाठी असतं, ते कसं ते पुढे येईल.

मेगापिक्सेल सोडून द्या.

त्याऐवजी सेन्सर पाहावा. दिसणार नाही, कारण तो हरभऱ्याच्या डाळीएवढा असतो: साधारण ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटर. लग्नात फोटोग्राफर मिरवतात त्या फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर क्षेत्रफळाने याच्या तीसपट भरतो. आजच्या बऱ्याच फोनांतला मुख्य सेन्सरही याहून मोठा असतो. पण एवढी लांब लेन्स खिशात मावते ती या डाळीच्या कृपेनेच. सेन्सर मोठा केला की लेन्स वाढते आणि मग खिसा नव्हे, खांद्यावर झोळी लागते. शिवाय पूर्ण झूम केल्यावर याचं अ‍ॅपर्चर एफ ३.३ वरून एफ ६.९ वर येतं. म्हणजे डाळीच्या वाट्याला आधी जो उजेड येत होता, त्याचा पाव हिस्साही उरत नाही.

हे शाळेच्या स्नेहसंमेलनात उमगतं. तुम्ही शेवटच्या रांगेत, भाची रंगमंचावर कोळीनृत्यात, डावीकडून तिसरी. ९६० मिलिमीटरवर हात हलू नये म्हणून शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकं जलद हवं, असा जुना ठोकताळा आहे. तेवढा उजेड सभागृहात कुठला? मग स्टॅबिलायझर मदतीला धावतो आणि शटर बरंच मंद ठेवू देतो. मागचा पडदा, त्यावरची होडी, होडीवर लिहिलेलं शाळेचं नाव, सगळं लख्ख येतं. भाचीच्या जागी एक हिरवा-पिवळा झोत येतो. स्टॅबिलायझर आपला हात धरतो, भाचीचे पाय नाही.

चंद्राची परीक्षा कोजागरीला घ्यावी, कारण तेव्हा दूध आटेपर्यंत वेळ असतो. पूर्ण झूमवर चंद्र चौकटीच्या उंचीचा जवळजवळ तिसरा हिस्सा व्यापतो. कॅमेऱ्याला सगळं आपोआप करू दिलंत तर पांढरा बत्तासा मिळेल. चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेला दगड, हे त्या यंत्राला ठाऊक नसतं. त्याला काळं आकाश तेवढं दिसतं आणि ते उजळायला ते धडपडतं. आयएसओ १००, शटर सेकंदाचा अडीचशेवा भाग, की खड्डे दिसू लागतात. फक्त घाई करा: चंद्र दर दोन मिनिटांना स्वतःच्या रुंदीइतका सरकतो आणि मसाला घालायला हाक येते.

आता खरी, रोजची परीक्षा. बारा बाय दहाची खोली, हळदीकुंकू, पंधरा बायका, एक ट्यूबलाइट आणि देवघरापाशी एक पिवळा एलईडी. तुमच्या पाठीशी फ्रिज. मागे सरकायला वाव नाही. इथे ते २४ कामाला येतं, आणि २८ असतं तर कडेची काकू गेलीच. कडेला बसलेल्या जरा रुंद दिसतात. त्याची कबुली देऊ नये. हळद हळदीच्या रंगाची आणि चेहरे माणसांच्या रंगाचे आले का ते पाहावं. शटर फार जलद ठेवू नये. आपली वीज ५० हर्ट्झची, जुनी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते आणि फोटोवर आडवे पट्टे उमटतात.

उन्हाची परीक्षा सोपी. मे महिन्याच्या दुपारी जास्वंदीवर शिंजीर बसला की कॅमेरा रोखायचा. या कॅमेऱ्याला डोळा लावायला खिडकी नाही. पडद्यात आधी आपलीच हनुवटी दिसते, मग एक पान, मग दुसरं पान. झूममधून पुन्हा बाहेर येऊन पक्षी शोधायला कडेला एक बटण दिलेलं असतं. ते सापडेपर्यंत शिंजीर शेजारच्या सोसायटीत पोचतो.

पावसाळ्यात तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा सल्ला घराघरांत मिळतो. ऐकू नये. आत-बाहेर होणारी लेन्स भात्यासारखी हवा ओढते आणि हवेबरोबर तांदळाचं पीठही. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. बुरशी एकदा लेन्सच्या आत शिरली की दुरुस्तीचा आकडा ऐकून माणूस नवा कॅमेरा बघू लागतो.

राहिली बॅटरी. कंपनी एका चार्जवर २६५ फोटो सांगते. माझा कॅमेरा मी महिनाभर आईकडे ठेवला होता. परत आणला तेव्हा बॅटरी ठार आणि कार्डावर एकही फोटो नाही. विचारलं तर म्हणाली, "फोटो कशाला? कोपऱ्यावरच्या गाडीवर मेथी आली का ते दिसतं की यातून. तीन जिने उगीच उतरायचे नाहीत. गेल्या गुरुवारी तर पाटीवरचा भावसुद्धा वाचला. कधी आणून देतोस परत?"