एकच खिडकी पुरे

गडचिरोलीच्या जंगलात शासन दिसतच नाही, ही तक्रार आता मागे घ्यायला हवी. शासन दिसतं, फक्त त्याच्या अंगावर गणवेश असतो आणि खांद्याला रायफल. जातीचा दाखला, आधार कार्ड, आयुष्मान कार्ड, बियाणं, शिवणयंत्र, पोरांना भरतीचं मार्गदर्शन, सगळ्यासाठी पोलिसांची 'दादालोरा खिडकी' उघडी आहे. 'एक गाव, एक वाचनालय' हाही पोलिसांचाच उपक्रम. एका खात्यानं एवढं केल्यावर बाकीच्या खात्यांनी काय करावं, असा प्रश्न पडतो. ती खाती फार समंजस आहेत. काहीच न करून त्यांनी तो सोडवला आहे.

यात जवानांची थट्टा नाही. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ माओवाद्यांनी घडवलेल्या स्फोटात पंधरा जवान गेले. ज्यांना मरणाशी गाठ घालायला पाठवलं, त्यांच्याकडूनच फावल्या वेळात दाखल्यांचे अर्ज भरून घेणं, याला मनुष्यबळाचा काटकसरीचा वापर म्हणतात. भामरागडसारख्या दुर्गम तालुक्यातली बदली इतर खात्यांत शिक्षा समजली जाते. पोलिसाला मात्र तिथे जावंच लागतं, आणि जाणाऱ्याच्या गळ्यात सगळी कामं घालणं हा आपल्या प्रशासनाचा जुनाच शिरस्ता.

वेगाचं म्हणाल तर एटापल्ली तालुक्यातलं वांगेतुरीचं पोलीस मदत केंद्र नोव्हेंबर २०२३ मध्ये चोवीस तासांत उभं राहिलं. त्याच महिन्यात त्याच भागात, तोडगट्ट्याला खाणींविरोधात महिनोन्महिने ठिय्या देऊन बसलेल्या आदिवासींना उठवण्यात आलं. म्हणजे बांधणं आणि उठवणं, दोन्ही कामांत दिरंगाई झाली नाही. आरोग्य खात्यानं या घाईचं अनुकरण केलेलं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अहेरी तालुक्यात दोन लेकरं तापानं गेली. गाडी मिळाली नाही, म्हणून आईबापांनी त्यांचे मृतदेह खांद्यावर घेऊन पंधरा किलोमीटरची वाट तुडवली. चोवीस तासांत काय उभं राहू शकतं आणि काय नाही, हे आता आपल्याला नेमकं ठाऊक आहे.

पोलिसांचा जनजागरण मेळावा पाहण्यासारखा असतो. मंडप, मागे फलक, फलकावर साहेबांचे फोटो. म्हातारी माडिया आदिवासी बाई पुढे येते. तिच्या हातात ब्लँकेट ठेवतात, पण सोडत नाहीत. दुसरं टोक साहेबांच्या हातात असतं. "आजी, इकडं बघा." आजी ब्लँकेटाकडे बघते. पुन्हा सांगतात. मग ती बघते, फोटो होतो आणि ब्लँकेट एकदाचं सुटतं. पलीकडे पोरांना व्हॉलीबॉल आणि जाळी मिळते. दाखला जिथे हक्काचा असतो, तिथे त्याच्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही. इथे वाजवतात, हा लाभार्थ्याचा केवढा सन्मान!

काही लोक विचारतात की, हे ब्लँकेट घेऊन आजी घरी गेली आणि रात्री दुसऱ्या बाजूचे बंदूकवाले आले तर? 'पोलिसांचा खबऱ्या' म्हणून माओवाद्यांनी माणसं मारली आहेत, हे खरंच. पण म्हणूनच तर ही भेट मौल्यवान. शहरातल्या नागरिकाला रेशन कार्ड घेताना जीव मुठीत धरावा लागत नाही, त्यामुळे त्याला त्याची किंमतही कळत नाही.

दाराशी सेवा नेण्याचं हे तत्त्व सरसकट लागू करायचं नसतं, हेही प्रशासन जाणून आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरजागडच्या लोहखाणीचं उत्पादन वर्षाला ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर नेण्यासाठी जनसुनावणी झाली. ती खाणीच्या पायथ्याशी नव्हे, सुमारे दीडशे किलोमीटरवर गडचिरोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. व्हॉलीबॉल गावात येतो, सुनावणीला गावानं जायचं असतं. ज्याचा डोंगर जाणार, त्याला निदान एक प्रवास तरी घडावा.

याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखासारखी गावं मात्र वाईट पायंडा पाडतात. २००९ साली त्यांनी सामूहिक वनहक्क मिळवला, तोही मेळाव्यात नव्हे, ग्रामसभेत बसून, कायदा वाचून आणि पाठपुरावा करून. पुढे स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवानाही मिळवला. अशा गावात ब्लँकेट घेऊन गेलात तर लोक ते घेतील, आणि मग बांबूच्या हिशेबाचा विषय काढतील. प्रेमाचं नातं त्यानं बिघडतं.

हे नातं जोडण्याची विद्या परदेशांतही नावाजलेली आहे. मलायातल्या बंडाच्या काळात, १९५२ मध्ये, ब्रिटिश जनरल टेम्पलरनं लोकांची मनं जिंकण्याचा मंत्र दिला होता. त्याआधीच लाखो लोकांना उचलून काटेरी तारांच्या कुंपणातल्या नव्या वस्त्यांत नेऊन बसवण्याचं काम सुरू झालं होतं. आपण इतके कठोर नाही. आपण कुंपण फक्त ठाण्याला घालतो.

म्हणून एकच सूचना. पेसा कायदा १९९६ चा आहे, वनहक्क कायदा २००६ चा. दोन्हींत ग्रामसभेला अधिकार दिलेत, पण अधिकार लेखी असल्यानं ते कुणाच्या हातात ठेवताना दिसत नाहीत. खिडकीत त्यांच्यासाठी एक फळी मोकळी करावी. पुढच्या मेळाव्यात ब्लँकेटबरोबर खाणीला 'नाही' म्हणणारा ग्रामसभेचा ठरावही साहेबांच्या हस्ते स्वीकारावा, पोच द्यावी आणि फोटो काढावा. या वेळी आजीला कॅमेऱ्याकडे बघायला कुणाला सांगावं लागणार नाही.