पाणी पहाटे दोन वाजून दहा मिनिटांनी

श्रावणात नगरकडच्या वर्तमानपत्रांत एक आकडा रोज चढत असतो. भंडारदरा धरणाचा साठा. 1926 साली पुरं झालेलं हे धरण 11,039 दशलक्ष घनफुटांना भरतं, आणि प्रवरेच्या कालव्यांवर वाढलेल्या माणसाला हा आकडा शेवटच्या एकोणचाळिसासकट तोंडपाठ असतो. स्वतःच्या लग्नाची तारीख बायकोला विचारावी लागणारा गृहस्थही इथे अडखळत नाही. छापताना दशलक्ष घनफुटांचं ‘दलघफू’ करतात. मोठ्यानं म्हटलं तर खोल विहिरीत दगड पडल्यासारखं वाटतं. असे हजार दलघफू झाले की एक टीएमसी. खाली जायकवाडीचा साठा मात्र दलघमीत, कारण तिथे फुटाची जागा मीटरनं घेतली. नदीत सोडलेलं पाणी मोजायचं क्युसेकनं, सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे 28 लिटर. 11,574 क्युसेकचा विसर्ग एक दिवस-रात्र चालला की टीएमसी होतो, हे गणित चहाच्या टपरीवर बशीतला चहा न सांडता मांडणारी माणसं आमच्याकडे आहेत. त्यांच्यापैकी कुणीही एक सुटा घनफूट डोळ्यांनी पाहिलेला नाही. पण न पाहिलेल्या गोष्टींवर गाढ श्रद्धा ठेवण्याची सवय आपल्याला पूर्वापार आहेच.

उजनीचा हिशेब त्याहून गूढ. तिथल्या सुमारे 117 टीएमसीतलं निम्म्याहून जास्त पाणी ‘मृत’ साठ्यात धरलेलं असतं, म्हणजे एरवी हात लावू नये असं तळचं पाणी. त्यामुळे उन्हाळ्यात धरण शून्यावर येतं आणि तिथे न थांबता आणखी खाली उतरतं. उणे दहा टक्के, उणे तीस टक्के. त्या उणे पाण्यावर होड्या चालतात, जाळी पडतात, उथळ काठावर रोहित पक्षी एका पायावर उभे राहून विचार करतात. सोलापूरकरांची तहानही त्यावरच भागते. मेलेल्यानं जित्यांना इतकं सांभाळल्याचं उदाहरण पितृपक्षाबाहेर क्वचितच सापडेल.

पण हे सगळं धरणाच्या पोटातलं बोलणं. 15 ऑक्टोबरचा साठा हिशेबाला धरून रब्बीची आवर्तनं ठरतात, कालवा सल्लागार समितीची बैठक होते, तीत सगळे एकमेकांना सल्ले देतात, आणि एके दिवशी पाणी सुटतं. कालव्यातून वितरिका, वितरिकेतून चारी, चारीतून पोटचारी, मग शेतचारी. वाटेत ऊन थोडं पितं, जमीन बरंच पिते, आणि कागदावर त्या सगळ्याला ‘वहनव्यय’ असं भारदस्त नाव मिळतं. अशी गळती आपल्या घरातही चालते, फक्त तिला इतकं चांगलं नाव ठेवण्याचं कुणाला सुचलेलं नसतं. खाली उतरता उतरता टीएमसी, दलघफू, क्युसेक सगळे एकेक करून मागे राहतात. नमुना नंबर सातवर पाणीअर्ज भरलेल्या शेतकऱ्याच्या हातात पाटकरी शेवटी जो पास ठेवतो, त्यावर महत्त्वाची असते ती तारीख आणि वेळ. धरणात फुटांनी मोजलेलं पाणी बांधावर येईतो तासा-मिनिटांचं होऊन जातं. आणि वेळ बहुधा अशी, की जिला जागं असण्याचा मान फक्त चोर आणि बाळंतिणी यांनाच होता.

या वाटपाला शेजपाळी म्हणतात. एकाचं भिजून झालं की त्याच्या शेजाऱ्याची पाळी. तिची सुरुवात शेपटाकडून करायची असा दंडक आहे: कालव्याच्या तोंडाशी बसलेल्यानं थांबायचं आणि अगदी टोकाच्या, एरवी कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या शेताला आधी पाणी द्यायचं. पंगतीत शेवटच्या पानापासून वाढायला घेणारं दुसरं सरकारी खातं माझ्या पाहण्यात नाही. प्रत्यक्षात वरचे लोक रात्री काय करतात ते पाटकऱ्याला ठाऊक असतं आणि पाटकरी ते कुणाला सांगत नाही. पण निदान कागदावर तरी टोकाचा माणूस पहिला आहे, हे मला अजून फार आवडतं.

माझ्या मामाच्या रानाला लागून खालच्या अंगाला त्याच्या चुलतभावाचं, आण्णांचं रान होतं. मधल्या बांधावरून दोघांत कोर्टात दावा होता आणि बोलणं बंद होतं. लग्नाकार्यात एक मांडवात असला तर दुसरा मांडवाबाहेर बैलांची चौकशी करत उभा. पण शेजपाळीपुढे भाऊबंदकीचं काही चालत नाही. आण्णांचं रान भिजलं की पाणी मामाचं. ते आण्णांनीच सोपवायचं. सुट्टीत मी मामाबरोबर वस्तीवर झोपायचो. मामा घोंगडी टाकायचा ती कोरड्या सरीच्या टोकाला, पाय सरीत सोडून. सरी भरत आली की पाणी तळव्याला लागून जागं करायचं. मात्र पाळी सुरू व्हायच्या आधी उठवायला पाणी नव्हतं, आण्णा होते. ते अंधारातून यायचे, कंदील खाली ठेवायचे आणि मामाकडे न बघता बाभळीला सांगायचे, “सुटलंय. दार बांधून घ्या.” मामाही बाभळीलाच म्हणायचा, “बरं.” मग दोघं मिळून, एक शब्द न बोलता, आण्णांच्या बाजूचं दार चिखलानं लिंपून मामाच्या बाजूचं मोडायचे. पहिल्या फावड्याला ढेकूळ निघायचं, दुसऱ्याला पाणी आत यायचं, आणि तापलेल्या काळ्या जमिनीतून असा काही सुस्कारा निघायचा की दोघेही क्षणभर फावड्यावर रेलून ते ऐकत राहायचे. त्या बाभळीनं एवढ्या वर्षांत दोन्ही घरांची किती निरोपानिरोपी केली असेल.

आता मामा नाही, आण्णा नाहीत, बाभूळ रस्त्यात गेली. दावा आहे. पाटाच्या पाण्याचा व्हॉट्सॲपवर गट झाला आहे. आवर्तन चार दिवस लांबल्याची बातमी, त्याखाली हात जोडलेली चित्रं, त्याखाली कुणाच्या तरी साखरपुड्याचं आमंत्रण. मामेभावानं हौसेनं मलाही त्यात घातलं आहे, वास्तविक माझ्या नावावर तुळशीच्या कुंडीपलीकडे लाभक्षेत्र नाही. परवा पहाटे फोन वाजला म्हणून पाहिलं, तर आण्णांच्या नातवाचा सगळ्या गटाला उद्देशून निरोप होता: “आमचं झालं. ज्यांची पाळी असेल त्यांनी यावं.” मिनिटाभरात मामेभावाचं, तेही सगळ्या गटाला उद्देशून, उत्तर: “आलो. फावडं तिथंच असू द्यावं, आमचं मोडलंय.”