आभायाची पायी

आकाशाचा सातबारा निघत नाही, त्याच्या धुऱ्यावरून भाऊबंदांत आजवर एकही दिवाणी दावा दाखल झालेला नाही, सबब ते सर्वांस सदैव खुले आहे, अशी जी समजूत अकोल्याच्या वैशाखात गच्चीवर पाठ टेकून सप्तर्षी न्याहाळताना आमच्या ठायी दृढ झाली होती, तिला नुकताच जबर धक्का बसला. मोठ्या दुर्बिणीतून आकाश पाहावयाचे तर अर्ज करावा लागतो, अर्जास मुदत असते, छाननीस समिती असते, आणि पुष्कळांच्या पदरी नामंजुरी येते! ही वार्ता काटेपूर्णेच्या कालव्यावर ओलीत करणाऱ्या एका स्नेह्यास सांगितली, तेव्हा पाण्यासाठी नमुना नंबर सात भरण्यात ज्याची निम्मी हयात गेली त्या गृहस्थाने तंबाखू मळता मळता थांबून एवढेच विचारले, "म्हंजे आभायाचीबी पायी लागते काय, बाप्पा?"

पाळी लागते. आपल्याच राज्यात, नारायणगावाजवळच्या खोडद येथे, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची जी जीएमआरटी नामक रेडिओ दुर्बीण उभी आहे, तिच्यासाठी वर्षातून दोनदा जगभरातून अर्ज मागविले जातात. आणि कोणती ज्योती, कोणत्या तरंगलांबीवर, किती तास पाहावयाची व त्याहून कमी तासांत का भागणार नाही, याचा खुलासा ज्योतिर्विदास अर्जातच करावा लागतो. अंतराळातील जेम्स वेब दुर्बिणीच्या दारी तर चौथ्या फेरीत 2,377 अर्ज येऊन पडले व सुमारे 78,000 तासांची मागणी झाली. वर्षाचे तास मात्र, कोणत्याही खात्याने कितीही परिपत्रके काढली तरी, 8,760 च. कोट्यवधी वर्षे वाट तुडवीत आलेला प्रकाश दाराशी तिष्ठतो आहे आणि पाहणारा पुढच्या फेरीची वाट पाहतो आहे, हे दृश्य कालव्याच्या शेवटच्या टोकावरील कास्तकारास निराळे समजावून सांगावे लागत नाही.

परंतु साम्य येथेच संपते. अमरावतीच्या एका कचेरीत आम्ही एका साध्या दाखल्यासाठी गेलो असता तेथील कारकुनाने अर्ज न उघडताच आमचे आडनाव, गाव आणि "कोणाकडून आलात" एवढे विचारून प्रकरणाचा निकाल मनातल्या मनात लावून टाकला होता. याउलट हबल दुर्बिणीच्या अर्जांत 2018 पासून अर्जदाराचे नावच परीक्षकांपासून झाकले जाते, आणि तशा पहिल्याच फेरीत स्त्रियांच्या अर्जांचे यश पुरुषांच्या अर्जांहून किंचित वर गेले, जे मागील कित्येक वर्षांत घडले नव्हते. नावाविना अर्ज! आमच्याकडे तो हाती पडताच हेडक्लार्क रजेवर जाईल. चिलीतील आल्मा दुर्बिणीची तऱ्हा याहून अजब: तेथे बहुतेक अर्जांबाबत अर्जदारानेच इतर दहा अर्जांची प्रतवारी लावून द्यावी, न दिल्यास स्वतःचाच अर्ज बाद. हा दस्तूर वऱ्हाडात पाणीवाटपास लागू केला, तर पहिल्याच पाळीत फौजदारास बोलवावे लागेल.

इतका सोवळा कारभार वाचून आम्ही खिन्न झालो होतो, तोच हबलच्या संचालकांस काही तास स्वेच्छाधिकारात वाटता येतात हे कळले आणि परमुलखात माहेरचा माणूस भेटावा तसा जीव सुखावला. कोटा आहे! डिसेंबर 1995 मध्ये तत्कालीन संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी आपल्या कोट्यातील सुमारे दहा दिवस, जाणत्यांनी व्यर्थ ठरविले असतानाही, सप्तर्षींजवळच्या एका जवळजवळ रिकाम्या तुकड्यावर खर्च केले. 342 छायाचित्रे टिपली, त्यांत सुमारे 3,000 दीर्घिका निघाल्या, आणि ती सामग्री स्वतःच्या नावे न ठेवता ताबडतोब सर्वांस खुली करण्यात आली.

स्वेच्छाधिकाराचा डोळा रिकाम्या भूखंडावर असतो, हे आम्हांसही ठाऊक होते. त्यातून दीर्घिका निघाल्याची नोंद मात्र आमच्या जिल्ह्याच्या दप्तरी अद्याप नाही.