इन्शाअल्ला, साडेआठ वाजता

अमेरिकेच्या पीस कॉर्प्सचे स्वयंसेवक मोरोक्कोत 1963 पासून येताहेत, आणि त्यांच्या मागोमाग तिथे आणखी एक जात रुजली आहे. ती म्हणजे या स्वयंसेवकांना ‘मोरोक्को शिकवणारा’ अमेरिकन प्रशिक्षक. स्वयंसेवक 27 महिने काढून घरी जातो. हा एक करार संपवून दुसऱ्यावर सही करतो. पायात पिवळा बलघा, खांद्याला फेसच्या बाजारातली चामड्याची पिशवी, स्वयंपाकघरातल्या फडताळात मागच्या बाजूला पीनट बटरची बरणी, आणि तोंडात अखंड ‘इन्शाअल्ला’. मोरोक्कन माणूस हा शब्द पुढे व्हायच्या गोष्टीला लावतो. याला तेवढ्याने भागत नाही. ताटावर बसल्या बसल्या ‘मी इन्शाअल्ला जेवतोय’ म्हणण्यापर्यंत याची मजल गेलेली असते. याला देश कळलेला नाही, असं कुणी म्हणू नये. कळलाय, चांगलाच कळलाय. घोटाळा तिथूनच सुरू होतो, कारण कळलेलं सगळं त्याने वेळापत्रकात बसवलं आहे.

त्याचा लाडका सिद्धांत असा की, इथे काळ सैल असतो. हा सिद्धांत तो सकाळी बरोबर साडेआठला सुरू होणाऱ्या वर्गात मांडतो आणि आठ चौतीसला आलेल्या पोराकडे चष्म्यावरून पाहतो. वर्गातल्या तक्त्यावर लिहिलेलं असतं, ‘अनौपचारिक अभिवादन : 10 मिनिटे’. मोरोक्कोत दोन माणसं भेटली की ‘ला बास? बिखैर? घरचे बरे? मुलं बरी?’ असं दोघंही एकाच वेळी विचारत सुटतात. उत्तरासाठी कुणी थांबत नाही, आणि शेवटी ‘हम्दुल्लाह’वर गाडी येऊन थांबते. प्रशिक्षकाने या गाडीची स्थानकं मोजून आकृती काढली आहे. चहाचीही काढली आहे. आधी हिरवी पत्ती धुवायची, मग साखरेच्या सुळक्यातून फोडलेला खडा, मग पुदिना. पहिला पेला पुन्हा किटलीतच परतवायचा आणि शेवटी हातभर उंचीवरून धार धरायची, म्हणजे फेस येतो. यजमानीणबाई हे सगळं खांदा आणि कान यांच्यात मोबाइल धरून, बहिणीशी भांडत भांडत करते. थेंब सांडत नाही. स्वयंसेवकाची नजर मात्र हातातल्या कागदावर, कारण पायरी चार अजून आलेली नाही.

पण खरंच काळ तिथे सैल आहे का? रमजानात सूर्य कोणत्या मिनिटाला मावळणार, हे त्या देशात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दिवसाच्या पाच नमाजांच्या वेळा मिनिटांत छापलेल्या मिळतात. फेसमध्ये बू इनानिया मदरशासमोर चौदाव्या शतकातल्या जलघड्याळाचं घर आजही उभं आहे. 2018 पासून मोरोक्कोने घड्याळ कायमचं एक तास पुढे नेलं, आणि तरी दर रमजानला अख्खा देश ते एक तास मागे घेतो आणि महिना सरला की पुन्हा पुढे करतो. काळाशी इतका काटेकोर व्यवहार करणाऱ्यांना सैल म्हणायला जरा धाडसच लागतं. सैल आहे ती प्रशिक्षकाची बैठक. लोकांना जे महत्त्वाचं वाटतं तिथे ते मिनिटाला धरून असतात, आणि त्याची बैठक त्यांना महत्त्वाची वाटत नाही. हे निदान पचायला जड. त्यापेक्षा ‘सांस्कृतिक फरक’ हलका पडतो.

यावर कुणी म्हणेल, पण तिथला प्लंबर ‘उद्या, इन्शाअल्ला’ म्हणतो आणि येत नाही, त्याचं काय? येत नाही, कबूल. पण यात धर्मशास्त्र कुठे आलं? त्याला दुसरं काम मिळालं. तोंडावर ‘नाही’ म्हणणं म्हणजे ‘हशूमा’, लाजिरवाणं, म्हणून त्याने देवावर सोपवलं. आपण ‘बघू’ म्हणतो तेव्हा आपल्याला नियतीवादी म्हणून कुणी वर्गात शिकवत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे. हा माणूस नसता तर बावीस वर्षांची ती पोरं पहिल्याच शुक्रवारी कुसकुसच्या सामायिक थाळीत डावा हात घालून समोरच्याच्या वाटणीचं मांस उचलती. खरं आहे. आपल्यापुढचाच भाग खायचा, उजव्या हाताने खायचा, मधलं मांस यजमान वाटेल तेव्हा घ्यायचं, हे त्याने सांगितलेलं असतं म्हणून अब्रू राहते. शिवाय घाबरलेल्या माणसाला हातात कागद लागतो. त्या कागदाचा देशाशी संबंध थोडा, धीराशी जास्त. दारिजा बोली मोरोक्कन शिक्षक शिकवतात, जेवण यजमानीण शिकवते, आणि हा त्या दोघांच्या मधे धीर वाटत फिरतो. पगार या धीर वाटण्याचाच असावा, आणि खुशाल असावा. फक्त वाटता वाटता तो त्या धिराला ज्ञान म्हणू लागतो.

या ज्ञानाची परीक्षा होते रमजानात. ‘दिलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासाने जाणं हेच इथलं सभ्य वागणं’, हे पाठ केलेला एखादा गुणी विद्यार्थी फ्तूरच्या, म्हणजे रोजा सोडण्याच्या, आमंत्रणाला शांतपणे अर्धा तास उशिरा पोचतो. मगरिबची अजान केव्हाच झालेली, खजुरांच्या बिया बशीच्या कडेला लागलेल्या, हरीरा सूपच्या वाटग्यांना तळ दिसू लागलेला. कुणी रागावत नाही. बाई उठून पातेलं पुन्हा शेगडीवर ठेवते, मधात बुडवलेल्या शबाकियाची ताटली त्याच्यापुढे सरकवते आणि ‘कूल, कूल’, म्हणजे खा, खा, असा आपल्या पंगतीतल्या वाढप्याला लाजवणारा आग्रह चालू होतो. पोरगं लाजून लाल. दुसऱ्या दिवशी ही हकीकत प्रशिक्षकाच्या कानावर जाते. तो गंभीरपणे मान हलवतो, वही काढतो, आणि पुढच्या तुकडीच्या वेळापत्रकात एक नवं सत्र चढतं : ‘काळाच्या सैलपणाचे अपवाद’, 45 मिनिटे. सुरुवात साडेआठला. इन्शाअल्ला नाही, साडेआठलाच.