चिकलठाण्याहून कलकत्ता, तेही स्वस्तात

ताजमहाल कमी खर्चात कसा बसवावा हे ज्या शहरानं सतराव्या शतकातच करून दाखवलं, तिथल्या माणसाला स्वस्त तिकीट शोधायला शिकवणं हा आगाऊपणा आहे. तरीही अलीकडे काही तरुण मंडळी दिसेल ते पहिलं तिकीट काढून मोकळी होतात, म्हणून हे चार शब्द. बीबी का मकबऱ्यासाठी औरंगजेबानं ७ लाख रुपये मंजूर केले होते आणि काम ६,६८,२०३ रुपये ७ आण्यांत उरकलं, असं सांगतात. संगमरवर घुमटाला आणि खाली हाताला लागेल तेवढ्या उंचीपर्यंत. मधे सगळा गिलावा. प्रवासाचंही सूत्र तेच. चारचौघांत सांगायचा आकडा तेवढा संगमरवरी असावा.

प्रथम गाव निवडावं. दिल्ली नको. दिल्लीला आपल्या चिकलठाण्याच्या विमानतळावरून थेट विमान जातं, त्यात बुद्धीचा कस लागत नाही. अभ्यासाला कलकत्ता उत्तम. थेट विमान नसल्यामुळे पूर्वेला जाण्यासाठी आधी पश्चिमेला मुंबई, उत्तरेला दिल्ली किंवा दक्षिणेला हैदराबाद गाठावं लागतं. शिवाय त्या गावाशी आपली जुनी ओळख आहे. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांचे बारगीर बंगालवर चालून जात. त्यांच्या धास्तीनं १७४२ मध्ये कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला. तो पुरा झालाच नाही, पण ‘मराठा डिच’ हे नाव राहिलं, आणि बंगाली अंगाईत हे बारगीर ‘बर्गी’ म्हणून अजून येतात. त्या मंडळींना तिकीट काढावं लागलं नाही आणि परतीच्या सामानाला वजनाची मर्यादाही नव्हती. यजमानांना मात्र तो पाहुणचार फार महागात पडला. आपल्याला रीतसर तिकीट काढून जायचं आहे आणि १५ किलोंत परतायचं आहे.

मग तारीख. इतर शहरांतले लोक शाळेच्या सुट्ट्या बघतात, आपण नळ बघतो. पाणी कधी आलं होतं, पुढची पाळी कधी, एक दिवस पुढे ढकलली जाण्याची शक्यता किती, हे कालनिर्णयवर पेन्सिलीनं मांडून घ्यावं. टाकी भरली की दुसऱ्या दिवशी निघावं आणि पुढच्या पाळीच्या आदल्या रात्री परतावं. मोबाइलवर दर ज्या दिवशी हिरव्या रंगात दिसतो तो दिवस आणि पाण्याचा हिशेब जुळला, तर पंचांगात नसलेला हा योग दवडू नये. पाणी सोडून स्वस्त तिकिटामागे गेलेल्यांनी आल्याबरोबर टँकर मागवल्याची उदाहरणं गल्लोगल्ली आहेत.

आता शोध. विमानतळाचा तीन अक्षरी कोड आयएक्सयू पाठ करून ठेवावा. तो टाकला की शहराच्या नावावरून घरात वाद होत नाही. ब्राउझरची गुप्त खिडकी उघडली की दर उतरतो, मंगळवारी मध्यरात्री तर कोसळतोच, अशा श्रद्धा प्रचलित आहेत. त्या मोडू नयेत. त्या निमित्तानं घर एकत्र जागतं. खरी गोम वेगळी आहे. एकाच विमानातल्या सारख्याच खुर्च्या कंपन्या निरनिराळ्या दरांच्या गटांत वाटून ठेवतात. स्वस्त गटात ४ उरल्या असताना तुम्ही एकदम ५ मागितल्या, की बहुधा पाचही वरच्या दरानं दिसतात. म्हणून आधी एक, मग दोन, मग तीन अशी चाचपणी करावी आणि चौघांचं तिकीट एकत्र, पाचव्याचं वेगळं काढावं. पाचवं माणूस कोण, हा प्रश्न मात्र तंत्राचा नसून संसाराचा आहे. त्याच्या वाट्याला शेवटची रांग आणि मधली खुर्ची येते. जावयानं सासूबाईंचं नाव सुचवू नये. त्या स्वतः म्हणाल्या, ‘‘मी बसते बाई एकटी, माझं काय,’’ तर ते संमतिपत्र समजू नये.

यानंतर विमानतळाची निवड. आपल्या गावच्या विमानतळावरून निघणं हा आपल्याकडे शेवटचा पर्याय मानतात. जालना रोडनं रिक्षात बसून जाता येईल इतका तो जवळ आहे, हेच त्याच्या विरोधात जातं. जाणकार आधी पुणे बघतात. समजा, चिकलठाण्याहून मुंबईमार्गे माणशी ८,२०० रुपये आणि पुण्याहून थेट ६,३००. वाचले १,९००. रात्री १० ची ट्रॅव्हल्स ८०० रुपये. पहाटे ३ वाजता खराडीला उतरून लोहगावपर्यंत रिक्षा, माणशी १००. विमान ७ चं, तोवर जागरणामुळे भूक लागते. विमानतळावरचा चहा, सामोसा आणि ‘बघू या हे काय आहे’ मिळून ७५०. निव्वळ बचत २५० रुपये आणि एक आखडलेली मान. सरावलेला माणूस यातलं काहीही तिकिटाच्या खात्यात धरत नाही. ट्रॅव्हल्सचे पैसे ‘तसेही पुण्याला काम होतं’ या सदरात जातात.

मुंबईत दोन स्वतंत्र तिकिटं जोडून काढणाऱ्यांचं धाडस वाखाणावं, अनुकरण करू नये. पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही, आणि बॅग उचलून पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं. टर्मिनल कुठलं ते तर बघावंच. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झाल्यापासून मुंबईत उतरून मुंबईतूनच उडताना मधे खाडी येऊ शकते. काकडीचं शिर्डी विमानतळ २०१७ पासून आहे आणि घरातल्या ज्येष्ठांना ते फार पटतं. पण ‘आलोच आहोत तर पाच मिनिटं दर्शन’ या वाक्यावर आजवर कोणाचंही विमान थांबलेलं नाही.

रेल्वेचं नाव कोणी काढलं तर त्याला सन्मानानं ऐकून घ्यावं. भुसावळला जाऊन गीतांजली एक्स्प्रेस पकडली की ती थेट हावड्याला सोडते. १९७७ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना ती सुरू झाली, आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली ती त्यांच्याच काळात. विमानात गुडघे पुढच्या पाठीला टेकले की दंडवत्यांची आठवण येते. पण गीतांजलीनं गेलं तर प्रवास खरोखरच स्वस्तात होतो आणि या मार्गदर्शनाला काही अर्थ उरत नाही. पुढे चला.

सामान. बहुतेक विमानांत पोटात १५ किलो आणि हातात ७ किलो. गल्लीतल्या रद्दीवाल्याचा काटा आदल्या संध्याकाळी बोलावून घ्यावा, मात्र त्याच्या काट्यावर विश्वास किती ठेवायचा हे आपापल्या अनुभवावर. लोणचं हातातल्या पिशवीत घालू नये, काढून घेतात. सुकं खोबरं तर विमानात कुठेच चालत नाही. त्यातलं तेल पेट घेऊ शकतं. चिवड्यातल्या खोबऱ्याच्या कापांविषयी सुरक्षारक्षकाशी चर्चा सुरू करू नये.

कलकत्त्यात उतरल्यावर टॅक्सीवाल्याकडे बघू नये, ऑगस्ट २०२५ पासून विमानतळाला मेट्रो जोडली आहे. मुक्कामाला हाजरा रोडचं महाराष्ट्र निवास मिळालं तर उत्तम. एवढ्या लांब येऊन मराठी माणसांशीच गप्पा मारण्याची सोय होते. स्वस्त तिकीट तुम्हाला हमखास रविवारी रात्री पोचवतं, आणि सोमवारी व्हिक्टोरिया मेमोरियलची दालनं बंद, १८१४ सालचं इंडियन म्युझियमही बंद. तो दिवस मेट्रोत घालवावा. देशातली पहिली मेट्रो इथलीच, १९८४ ची, आणि २०२४ पासून ती हुगळीच्या पात्राखालूनही जाते. पाऊण मिनिटाचा मामला आहे. ‘नदी आली का?’ असं विचारेपर्यंत गेलेली असते. डिसेंबरात गेलात तर सूर्य ५ वाजायच्या आत मावळतो, आपल्यापेक्षा जवळजवळ तासभर आधी. घड्याळ देशाचं एकच, पण उजेड तिकडे आधी येतो आणि आधी संपतो. जेवून घटकाभर आडवं होण्याची सवय असलेल्यांना कलकत्ता फक्त दिव्यांत दिसेल. मंगळवारी व्हिक्टोरिया बघताना, तिथला मकराण्याचा संगमरवर वरपासून खालपर्यंत खराच आहे, हे मुलांना मोठ्यानं सांगू नये. पुढचे प्रश्न अवघड असतात.

परतताना डबाबंद रसगुल्ले घ्यावेत, पण पाकाचंही वजन असतं, आणि तो द्रव असल्यामुळे डबा हातातल्या पिशवीतून नेता येत नाही. पाक ओतून द्यावा की दंड भरावा यावर कुटुंबात एकमत होत नाही, तेव्हा विमानतळावर अर्धा तास आधी पोचावं.

घरी आल्यावर ‘‘काका, कितीला पडलं?’’ असं विचारणाऱ्याला पुण्याचा दर सांगावा. ‘‘गेलात कसे?’’ असं विचारणाऱ्याला चिकलठाण्याचं विमान सांगावं. हे दोघे एकाच सोसायटीतले नसतील एवढं पाहावं.