सगळं वाटेवरच

‘नुसतं कोल्हापूरला जाऊन येऊ’ असं म्हटलं की आमचे भाऊजी दुखावतात. पुण्याहून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर गाडी हाणायची, अंबाबाईचं दर्शन घ्यायचं, तांबडा-पांढरा ओरपायचा आणि माघारी फिरायचं, याला ते सहल म्हणत नाहीत. ‘जेवायला जाऊन येणं’ म्हणतात. शहर त्यांच्या लेखी गाडीत डिझेल भरण्यापुरतं आणि रात्री पाठ टेकण्यापुरतं. खरी सहल वेस ओलांडल्यावर सुरू होते.

भाऊजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. उभी नोकरी जीपमधून कालव्याच्या कडेनं हिंडण्यात गेली आणि कालवा काही सरळ जात नाही. तो डोंगराला वळसा घालतो, ओढा चुकवतो, चार गावं जास्तीची घेतो आणि शेवटी पोचायचं तिथं पोचतो. भाऊजींचा प्रवास नेमका तसाच. महामार्गाला ते अजून ‘एनएच फोर’च म्हणतात. त्याचा आकडा 48 होऊन जमाना झाला, पण तो बदल त्यांनी मंजूर केलेला नाही.

आता कोल्हापूर मधोमध धरा. वायव्येला वीसेक किलोमीटरवर पन्हाळा. नैर्ऋत्येला पन्नासेक किलोमीटरवर राधानगरी. पूर्वेला साठेक किलोमीटरवर, पार कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं खिद्रापूर. तिन्हींची तोंडं तीन दिशांना. भाच्यानं मोबाईलवर नकाशा काढून हे सगळं त्यांना दाखवलं. भाऊजींनी चष्मा वर सारून नकाशाकडे बघितलं आणि म्हणाले, “बरोबर आहे की. सगळं वाटेवरच आहे.”

कुणाच्या वाटेवर, हे विचारायचं नसतं. ताईनं लग्नाच्या पहिल्या वर्षी विचारलं होतं म्हणे.

ताईची स्वतःची मागणी एवढीशी. भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाइनीत जायचं आणि पायात घालून, चार पावलं चालून बघून, एक अस्सल कोल्हापुरी घ्यायची. “घेऊ की, शहरातच तर आहे,” हे भाऊजींचं उत्तर. शहरातली गोष्ट कुठं पळून जात नाही, पळून जातो तो उजेड, असं त्यांचं शास्त्र. त्यामुळे शहराला मिळतात फक्त कडेच्या वेळा. न्यू पॅलेस बाहेरून, घड्याळाचा मनोरा दिसला की झालं. खासबागेचं मैदान गाडीच्या खिडकीतून, शाहू महाराजांनी कुस्तीसाठी बांधलं एवढी माहिती सिग्नल सुटायच्या आत. रंकाळ्यावर भेळ, तीही उभ्यानं. रात्री मात्र गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर ते रमले. समोर म्हैस उभी, समोरच धार काढलेली, फेसाचा पेला हातात. पण तिथंही त्यांनी म्हशीच्या मालकाला गाव विचारलं, गावाला पाणी कुठल्या नदीचं ते विचारलं, आणि वाटाड्या म्हणून त्याचा नंबर घेतला.

पन्हाळ्यावर पोचलो तेव्हा ऑगस्टातलं धुकं असं दाटलेलं की तीन दरवाजातला एकही धड दिसेना. अंबारखान्याच्या कोठारांतून बाहेर आलो, झुणका-भाकरी आणि मातीच्या गाडग्यातलं घट्ट दही खाल्लं. पुढे हॉटेलवर जाऊन आडवं व्हावं, असं सगळ्यांच्याच मनात आलं. भाच्यानं ते बोलूनही दाखवलं. भाऊजींनी हातातली भाकरी खाली ठेवली. “1660 सालच्या आषाढात, सिद्दी जौहरचा वेढा फोडून महाराज इथून रातोरात विशाळगडाच्या वाटेला लागले. पाऊस, चिखल, मागं शत्रू. आणि तुम्हाला एसी गाडीत बसून राधानगरी जड जाते?”

या वादाला तोड नसते. इतिहास त्यांच्या बाजूनं असतो, आणि गाडीची किल्लीही.

राधानगरी हे या माणसाचं खरं तीर्थक्षेत्र. भोगावतीवर शाहू महाराजांनी हाती घेतलेलं ते धरण, आणि त्याचे ते सात स्वयंचलित दरवाजे. तलावातलं पाणी ठरावीक पातळीला पोचलं की पाण्याच्याच दाबानं उघडायचे, उतरलं की आपले मिटायचे. वीज नको, बटण नको, माणूस नको. “आणि वरिष्ठांची सही नको,” भाऊजी म्हणाले. हे म्हणताना त्यांचा आवाज जरा कापला. नोकरीभर सह्यांची वाट पाहिलेल्या माणसाला तो दरवाजा म्हणजे काय वाटत असेल, ते आमच्यासारख्यांना कळायचं नाही.

दरवाजे बंद होते. शेजारून एक म्हातारा घोंगडं पांघरून चालला होता, त्याला भाऊजींनी गाठलं. “पाणी कितीला आहे?” म्हातारा म्हणाला, “फूटभर कमी हाय बगा. वर पाऊस लागलाय. हुईल आता.” झालं. भाऊजींनी छत्री उघडली आणि दरवाजे दिसतील अशी जागा धरून उभे राहिले. आम्ही गाडीत बसून भडंगाची पिशवी संपवली. काचेवरून पाणी ओघळत होतं, आणि छत्रीखाली फक्त त्यांचे दोन गुडघे दिसत होते. मधेच येऊन ते काचेवर टकटक करायचे, “चढतंय, चढतंय!” आणि परत जायचे. दरवाजा काही उघडला नाही. अंधार पडल्यावर गाडीत बसले ते ओले, पण समाधानी. “शिस्त म्हणतात ती ही. पातळी आल्याशिवाय हलणार नाही,” म्हणाले. दाजीपूरचे गवे आम्ही पाहिले ते रस्त्याकडेच्या पाटीवर.

खिद्रापूरला जाताना भाच्याचा मोबाईल एक रस्ता दाखवत होता आणि पानपट्टीवाला दुसरा. पानपट्टीवाला म्हणाला, “हे काय, हितंच की! जावा सरळ.” ‘हितंच’ म्हणजे त्या भागात एक किलोमीटरही असतो आणि अठराही. भाऊजींनी अर्थातच पानपट्टीवाला निवडला. दोघांचा धर्म एक.

पण कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात शिरल्यावर भाऊजी गप्प झाले, हे मान्य केलं पाहिजे. 48 खांब, वर छताला गोल मोकळं आभाळ, त्याच आकाराची गोल शिळा खाली जमिनीवर. त्या दिवशी आभाळातून भुरभुर पाऊस नेमका त्या शिळेवर पडत होता आणि भोवतीची फरशी कोरडी होती. ताईनं माझ्याकडं बघितलं. दहा मिनिटं झाली तरी माणूस पुढच्या गावाचं नाव काढत नव्हता.

घात केला तो तिथल्या एका भल्या माणसानं. “इथं शंकरासमोर नंदी नाही, बघितलंत का?” तो म्हणाला. “सती माहेरी गेली ती नंदीवर बसून, असं सांगतात. म्हणून देव इथं कोपलेला, आणि नंदी पलीकडं यडूरला.”

“यडूर? कृष्णेपलीकडं?” भाऊजींचा चेहरा उजळला. “म्हणजे आपण अर्धंच देऊळ बघितलं.”

तर यडूर झालं.

परतीच्या दिवशी सकाळीच, कुणाला न विचारता, ताई चप्पल लाइनीत शिरली. दुकानात ताज्या चामड्याचा आणि तेलाचा वास. दुकानदार पोरगा एकेक जोड काढून, तळ वाकवून, वेणी दाखवून पुढं ठेवत होता. भाऊजी दाराशी घड्याळ बघत उभे. ताईला एक जोड पसंत पडला. उजवा पाय घालून तिनं दोन पावलं टाकली, करकर वाजली, आणि तिचा चेहरा तीन दिवसांत पहिल्यांदा सैल झाला.

“घ्या मावशी, कापशी हाय,” पोरगा म्हणाला. “गावाचंच नाव.”

दारातली मान आत आली. “कापशी म्हणजे कागल तालुक्यातलं ना रे?”

ताई एक पाय चपलेत, एक पाय मोकळा, अशीच थांबली. “दादा, बिल राहू दे,” ती दुकानदाराला म्हणाली. “आधी त्यांना सांग, तो रस्ता बंद आहे म्हणून.”

पोरानं एकदा ताईकडं बघितलं, एकदा भाऊजींकडं. कोल्हापूरचा माणूस, खोटं बोलवेना.

“बंद न्हाई ओ मावशी,” तो म्हणाला. “परवाच डांबर टाकलंय.”