मोजणारा वेगळा, पिणारा वेगळा : प्रकल्प-सदाचाराची भूम आवृत्ती

प्रकल्प चालवणाऱ्या माणसाने कसे वागावे याचे नियम सातासमुद्रापलीकडे लिहून तयार आहेत. 1969 साली अमेरिकेत स्थापन झालेल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटने आपल्या आचारसंहितेत जबाबदारी, आदर, न्याय्यता आणि प्रामाणिकपणा अशी चार मूल्ये सांगितली आहेत. चारही उत्तम आहेत, आणि धाराशिव जिल्ह्यातल्या भूमच्या कोणत्याही सभागृहात चौकट करून लावली तर भिंत शोभेल. अडचण एवढीच, की ती लिहिणाऱ्यांनी मजुरांच्या हजेरीचे मस्टर पाहिलेले नाही, मोजमाप पुस्तिका (जिला सगळे एमबीच म्हणतात) चाळलेली नाही, आणि 31 मार्चला बिल काखेत घेऊन कोषागाराचे जिने चढलेले नाहीत. म्हणून बालाघाटाच्या कुशीत नव्याने रुजू होणारे शाखा अभियंते, ठेकेदार, ग्रामरोजगार सेवक आणि संस्थांचे समन्वयक यांच्यासाठी ही स्थानिक आवृत्ती. तिचे सूत्र एकच आहे : जो काम मोजतो त्याच्यावर त्या कामाचे पाणी पिण्याची वेळ येऊ नये, आणि जो ते पाणी पिणार त्याच्या हाती टेप लागू नये. हे अंतर राखले की बाकीचा सदाचार आपोआप साधतो.

या सूत्राला सुरुंग लावणारा पुरावा दुर्दैवाने याच तालुक्यात रोज कढईत आटत असतो. भूम, वाशी, परंडा हा खव्याचा मुलूख. कुंथलगिरी या जैन सिद्धक्षेत्राच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खव्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. लोखंडी कढईत दूध उकळायचे, तळाला लागू नये म्हणून हात न थांबवता हलवत राहायचे. म्हशीच्या साधारण पाच लिटर दुधातून किलोभर खवा निघतो. म्हटले तर हा प्रकल्पच आहे : कच्चा माल आहे, मजुरी आहे, इंधन आहे, मुदत तर अशी आहे की मुदतवाढ मागितली तर माल आंबतो. पण याचे पर्यवेक्षण पाहा. घेणारा येतो, चिमूटभर खवा उचलतो, तळहातावर अंगठ्याने चोळतो. तूप सुटले तर भाव, पिठूळ लागला तर तोंड वाकडे. फारच शंका आली तर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकायचा. निळा पडला की पीठ मिसळलेले. ना समिती, ना अहवाल, ना फीत कापणे. भेसळ या धंद्यातही होते आणि सणासुदीला जास्त होते. पण ती पकडायला एक चिमूट पुरते, कारण चोळणारा आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या खाणारा माणूस एकच असतो. सरकारी कामात असा योग जुळू देऊ नये.

अंतर राखण्याचे पहिले साधन म्हणजे व्याकरण. मराठीत 'मी बांध घातला' असे म्हणता येते, हा या भाषेचा जुना दोष. त्यावर कार्यालयीन मराठीने फार पूर्वी इलाज शोधला : बांध घालण्यात आला. कोणी घातला? वाक्यभर शोधा, माणूस सापडणार नाही. गाळ काढण्यात आला, पाणी अडवण्यात आले, लाभार्थ्यांना मार्गदर्शन करण्यात आले. आणि पहिल्याच वळवाने बांध वाहून गेला की क्रियापद एका रात्रीत बदलते : बांध फुटला. आपणहून. जबाबदारी हे पहिले मूल्य इतक्या कमी खर्चात सांभाळणारी दुसरी युक्ती कोणत्याही संहितेत नाही. 'उशीर झाला, खर्च वाढला' असेही लिहू नये. सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यावी, जिला लाडाने सुप्रमा म्हणतात. कृष्णेचे पाणी उजनीमार्गे उचलून भूम-परंड्याकडे आणू पाहणाऱ्या कृष्णा-मराठवाडा प्रकल्पाला डिसेंबर 2022 मध्ये 11,700 कोटी रुपयांच्या पुढची सुप्रमा मिळाली. असे आकडे फुगतात त्यामागे भूसंपादन, बदललेली दरसूची, निघून गेलेली वर्षे अशी खरी कारणेही असतात, ती नाकारण्याचे कारण नाही. पण 'सुधारित' या शब्दाची करामत मान्य करायलाच हवी. वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला वाटते उशीर झाला, फाइलीला वाटते सुधारणा झाली.

आता प्रत्यक्ष मोजमाप. मातीकामात किती खोल खणले हे नंतर कळावे म्हणून खड्ड्याच्या मधोमध मूळ जमिनीच्या उंचीचा मातीचा एक खुंट न खणता सोडतात. त्याच्या डोक्यावर जुने गवत तसेच असते; गवत आहे म्हणजे तो मूळ जमिनीचा, अशी समजूत. खोली वाढवायची म्हणजे नवखा माणूस खाली खणत बसतो. मुरलेला माणूस खुंट वाढवतो : वर वीतभर माती थापायची, तिच्यावर दुसरीकडून उचललेले गवताचे ढेकूळ बसवायचे, तांब्याभर पाणी शिंपडायचे. दोन दिवसांत गवत सावरते आणि खड्डा वरच्या बाजूने खोल होतो. सिमेंट नाला बांधाचेही तसेच. काँक्रीटची ताकद 15 सेंटिमीटरच्या ठोकळ्यावर, म्हणजे क्यूबवर, 28 दिवसांनी तपासतात. क्यूबचा माल वेगळा कालवावा आणि त्यात सिमेंटला हात आखडू नये. प्रयोगशाळेत बांध जात नाही, क्यूब जातो. या दोन्ही रीतींमध्ये एक नैतिक सौंदर्य आहे, ते घाईत नजरेआड होते. कोणीही खोटा आकडा लिहिलेला नाही. टेप खरे बोलला, यंत्र खरे बोलले, एमबीतली नोंद टेपबरहुकूम आहे. चौथे मूल्य प्रामाणिकपणा. ते अक्षरशः पाळले गेले, फक्त ज्या वस्तूच्या बाबतीत पाळले ती वस्तू बांध नव्हती. कौटिल्याने राजाचे धन हडपण्याचे चाळीस प्रकार मोजले होते. बिचाऱ्याला क्यूब माहीत नव्हता.

याच शास्त्राचा मोठा पट पाहायचा तर जलयुक्त शिवार अभियानाकडे जावे लागते. डिसेंबर 2014 च्या शासन निर्णयाने ते सुरू झाले. दरवर्षी 5,000 गावे घ्यायची आणि 2019 पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करायचा, असा संकल्प. 22,586 गावे घेतली, सुमारे 9,634 कोटी रुपये खर्च झाले. कॅगने सहा जिल्ह्यांतली 120 गावे तपासली (धाराशिव त्यांत नव्हता, शेजारचे बीड आणि सोलापूर होते) आणि सप्टेंबर 2020 मध्ये विधिमंडळात आलेल्या अहवालात म्हटले, की गावे पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण होण्यावर आणि भूजल पातळी वाढण्यावर या कामांचा फारसा परिणाम दिसत नाही. यावर समर्थकांचा आक्षेप असा, की पाऊसच दगा देत होता, आणि कितीतरी शिवारांत विहिरींना पाणी टिकले, लोकांनी दुसरे पीक घेतले. आक्षेपात तथ्य आहे. इथला कातळ बेसाल्टचा. पाणी मुरते ते मुरमाच्या थरात आणि फटींत. एका बांधामागे विहीर भरते, शंभर पावलांवरची कोरडी राहते. पण मग याच कारणाने प्रत्येक गाव वेगळे मोजायला हवे होते, आणि मे महिन्यात विहिरीत दोर सोडून मोजायला हवे होते. कागदावरची मोजणी सोपी असते : बांधाची लांबी, रुंदी, उंची गुणायची, इतके टीसीएम (हजार घनमीटर) साठा 'निर्माण' झाला म्हणायचे आणि गाव जलपरिपूर्ण करून टाकायचे. कढई पाच लिटरची आहे, म्हणजे किलोभर खवा झालाच, असे खव्याच्या बाजारात म्हणून पाहावे.

माणसावर भरवसा नसेल तर यंत्र ठेवा, असे सुचवणारे असतात. त्यांनी निश्चिंत राहावे. रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी मोबाइल ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून घेणे 1 जानेवारी 2023 पासून देशभर सक्तीचे झाले. जुलै 2025 मध्ये केंद्राच्या ग्रामीण विकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून सांगावे लागले, की कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जात आहेत, फोटोवरून फोटो काढला जात आहे, हजेरीतल्या आणि चित्रातल्या डोक्यांचा मेळ बसत नाही, स्त्री-पुरुषांचे प्रमाणही जुळत नाही. फोटोवरून फोटो! टेप जसा खुंटाविषयी खरे बोलला तसा कॅमेराही खरेच बोलला. त्याच्यापुढे फोटो होता, त्याने फोटोचाच फोटो काढला. यंत्र अंतर मिटवत नाही. ते मोजणाऱ्याला दिल्लीपर्यंत लांब नेते, आणि दिल्लीला भूमच्या विहिरीचे पाणी प्यायचे नसते. उलट डोंगरभागात रेंज नसल्याने ज्या बाईने खरोखर घमेली वाहिली तिचा दिवस बुडू शकतो. न्याय्यता हे मूल्य असे दोन्ही बाजूंनी सांभाळले जाते.

सर्वात वजनदार आक्षेप अजून बाकी आहे, आणि तो थट्टेवारी नेता येत नाही. साहेब म्हणतात, "निधी आला मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. खरी तारीख टाकली तर पैसा परत जातो. मग नुकसान कुणाचं? गावाचंच ना?" काम एप्रिल-मेमध्ये होईलच, तोवर एमबीत मार्च लिहिला तर बिघडले कुठे? ज्या राज्याने 1972 चा दुष्काळ पाहून 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, तिथे कागदाच्या सोवळ्यापायी मजुराची मजुरी अडवणे हा सदाचार नव्हे, हे मान्य. पण त्या मागच्या तारखेने आणखी काय काय वाचवले ते पाहावे. निधी वर्षभर दाबून मार्चअखेर सोडणारा वाचला, कारण कागदावर काम वेळेत झाले आहे. पुढच्या वर्षी तो जूनमध्ये पैसे सोडेल असे मानायला कोणतेही कारण उरत नाही, कारण उशीर झाल्याचा पुरावाच कुठे नाही. तालुक्यातल्या शंभर एमबींत शंभर खऱ्या तारखा पडल्या असत्या, तर दोष कुणाच्या टेबलावर आहे हे एका पानात दिसले असते. शिवाय मजुरासाठी उघडलेली ही खिडकी मजूर गेल्यावर बंद होत नाही. एप्रिलमध्ये जे काम व्हायचे होते ते झालेच नाही तरी मार्चची नोंद तशीच साजरी दिसते. त्यामुळे आमच्या मार्गदर्शिकेप्रमाणे मागची तारीख जरूर टाकावी. एवढ्या जणांचे एकदम भले करणारी दुसरी समाजसेवा नाही.

नियमभंगाची उदाहरणेही माहीत असलेली बरी. 2012 मध्ये जलसंपदा विभागातले मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी सिंचन प्रकल्पांतल्या गैरप्रकारांविषयी पत्र लिहिले. त्याच साली राज्याच्या आर्थिक पाहणीतून दहा वर्षांत सिंचित क्षेत्राची टक्केवारी जेमतेम 0.1 ने वाढल्याचा अर्थ निघाला. सरकारने श्वेतपत्रिकेत तो अमान्य केला, वाद चौकशीसाठी नेमलेल्या चितळे समितीपर्यंत गेला. आकड्यांचे काय ते होवो. खरा गुन्हा व्याकरणाचा होता : पत्र प्रथमपुरुषी होते आणि खाली सही होती. दुसरे उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार. तिथे गाव दरवर्षी पाऊस आणि भूजल मोजते, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिके ठरवते. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. मोजणाऱ्यांनाच ते पाणी पुरवून प्यायचे असल्याने तिथे खुंटावर माती थापायला कोणी जात नाही, स्वतःच्याच विहिरीला कसे फसवणार? 'ते पद्मश्री पोपटराव पवारांसारखा माणूस लाभल्यामुळे झाले, सगळीकडे होत नाही' हा युक्तिवाद पाठ करून ठेवावा. तो अर्धा खरा आहे म्हणून फार उपयोगी पडतो. उरलेला अर्धा असा, की टेप धरायला पद्मश्री लागत नाही.

शेवटी कायद्याविषयी सावधगिरी. माहिती अधिकाराचा 2005 चा कायदा नागरिकाला फक्त कागद मागू देतो असा समज टिकवून ठेवावा. प्रत्यक्षात त्याच्या कलम 2 मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क लिहिलेला आहे. म्हणजे बांधाच्या काँक्रीटलाही आयोडीनचा थेंब आहेच, फक्त त्याची बाटली कोणी उघडलेली नसते. एखादा म्हातारा शेतकरी धोतराचा सोगा सावरत कार्यालयात आला आणि "साहेब, बांध मोजायला आलोय, माझ्याबरोबर चला" म्हणाला, तर आदर हे दुसरे मूल्य उपयोगात आणावे. "या काका, बसा," म्हणावे. चहा सांगावा. एमबी वरिष्ठांकडे गेली आहे असे सांगण्यात यावे. शिपायाला पाठवून पावशेर पेढा मागवावा, पण दुकान पारखून. इथल्या माणसाला पेढा कळतो. पुडा आला की काकांपुढे करण्याआधी साहेबांनी स्वतः एक पेढा फोडावा, त्यातला कण तळहातावर घ्यावा आणि अंगठ्याने नीट चोळून पाहावा, तूप सुटते की नाही.